हमीवेग आणि जाहीर वेग : संगणकाच्या मेमरीची सत्तर वर्षे

१/
यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील एखाद्या दुकानातून आणलेल्या रॅमच्या वेष्टनावर ‘३२००’ हा आकडा ठळक छापलेला असतो. रॅम संगणकात बसते, संगणक सुरू होतो आणि पडद्यावरील नोंद सांगते : वेग २१३३, क्वचित २४०० किंवा २६६६. माल नकली नसतो आणि दुकानदारानेही फसवलेले नसते. संगणकाच्या बायोसमध्ये शिरून एक पर्याय कोणी चालू केलेला नसतो, एवढेच. असंख्य संगणक अशा रीतीने छापील वेगाच्या दोन-तृतीयांशावरच आपले आयुष्य काढतात. वस्तूवर एक वेग छापलेला आणि ती धावते दुसऱ्याच वेगाने, ही विचित्र व्यवस्था जन्माला कशी आली, याचा हा इतिहास. त्यात मुंबई आहे, पुणे आहे, मूर्तिजापूर आहे आणि यवतमाळचा कापूसही आहे.

२/
कापसाच्या बाजारात दोन भाव असतात. एक हमीभाव : हंगामाआधीच जाहीर झालेला, दर्जाच्या किमान अटी पूर्ण करणाऱ्या मालाला मिळावा असा. दुसरा, व्यापारी चांगल्या धाग्याच्या मालाला देऊ करतो तो. हा दुसरा भाव चढा असू शकतो. पण तो मालातील ओलावा, धाग्याची लांबी, दिवस आणि सौदा यांवर ठरतो. मेमरीचे नेमके असेच आहे. २१३३ हा तिचा हमीवेग : कोणत्याही सुसंगत संगणकात ती या वेगाने चालणारच. ३२०० हा जाहीर वेग : ही रॅम उत्पादकाने त्या वेगाने तपासलेली आहे, पण मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांनी साथ दिली, आणि मालकाने तसे सांगितले, तरच तो मिळणार. या दोन आकड्यांमधील अंतर कसे पडले, हे समजण्यासाठी थेट १९५५ च्या मुंबईत जावे लागते.

३/
टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ मध्ये एका प्रायोगिक संगणकाचे काम सुरू झाले आणि १९५६ च्या अखेरीस तो चालू लागला. त्यावर आधारलेले पूर्ण यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाले. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले ‘टिफ्रॅक’. या कामाचे नेतृत्व आर. नरसिंहन यांच्याकडे होते. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक, असा त्याचा पसारा. त्याची मेमरी मात्र २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे अवघे १० किलोबाइट. आज मोबाइलवर आलेले शुभेच्छांचे एक चित्रही त्यात मावणार नाही. देशात घडलेल्या पहिल्या पूर्ण इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक असलेले ते यंत्र एवढ्याशा जागेत गणिते करीत होते.

४/
ती मेमरी फेराइट कड्यांची होती. मोहरीपेक्षा फार मोठे नसलेले चुंबकीय कडे, त्यातून ओवलेल्या तारा. कडे एका दिशेने चुंबकित झाले की शून्य, उलट दिशेने झाले की एक. उभ्या आणि आडव्या अशा दोन तारांतून प्रत्येकी अर्धाच प्रवाह सोडायचा. दोन्ही जिथे छेदतात त्या एकाच कड्याला पूर्ण प्रवाह मिळतो आणि तेवढेच पालटते. प्रवाह कमी पडला तर कडे हलत नाही. जास्त झाला तर शेजारचीही पालटतात. शिवाय कडे तापले की थोड्या प्रवाहानेही पालटू लागते. एकदा वाचले की आतील नोंद पुसली जाई, म्हणून ती लगेच पुन्हा लिहावी लागे. सारांश, मेमरीचा वेग कड्यांवर कोरून येत नसे. प्रवाह, उष्णता आणि वेळ यांचा मेळ घालून अभियंते तो बसवीत.

५/
हा मेळ किती काठावर आहे, हे जाणण्याची एक रीत त्याच काळात रूढ झाली. अमेरिकेतील एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात १९५३ मध्ये कड्यांची मेमरी बसवली गेली. निर्वात नलिका कधी दगा देतील याचा नेम नसे. म्हणून तेथील अभियंते ठरावीक वेळाने यंत्राचा विद्युतदाब मुद्दाम कमी-जास्त करीत आणि कोणता भाग आधी चुकतो ते पाहत. जो भाग चुकण्याच्या बेतात असेल तो, चुकण्यापूर्वीच, बदलला जाई. यातून संगणकशास्त्राला एक कायमचा धडा मिळाला : यंत्र आज चालते एवढे पुरेसे नाही, परिस्थिती थोडी बिघडली तरी ते चालावे, एवढा वाव हवा. पुढील सत्तर वर्षांचा मेमरीचा इतिहास म्हणजे हा वाव किती ठेवायचा आणि तो कोणी ठरवायचा, याचा इतिहास होय.

६/
कड्यांचे राज्य मोडले ते एका गळक्या पात्राने. १९६६ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना कल्पना सुचली की, एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक बारीकसा संधारित्र एवढ्यावर एक बिट राखता येईल. १९७० मध्ये इंटेलने ‘११०३’ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि डीरॅमचे युग सुरू झाले. यात एकच उणीव होती : भार सतत गळतो. म्हणून प्रत्येक कप्पा ठरावीक वेळात पुन्हा भरावा लागतो. डीडीआर३ आणि डीडीआर४ मेमरीत ही मुदत ६४ मिलिसेकंदांची आहे. चिपचे तापमान ८५ अंशांपलीकडे गेले तर गळती वाढते आणि मुदत निम्मी, म्हणजे ३२ मिलिसेकंद, करावी लागते. उष्णता कड्यांची वैरीण होती; ती सिलिकॉनचीही वैरीणच राहिली.

७/
१९८० च्या दशकात घरगुती संगणक आले तेव्हा मेमरीचा वेग नॅनोसेकंदांत मोजला जाई. ८०, ७०, ६० असे आकडे चिपवर छापलेले असत. आकडा जितका लहान तितकी मेमरी चपळ. ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ प्रोसेसरचा एक ठोका सुमारे ३० नॅनोसेकंदांचा. ७० नॅनोसेकंदांची मेमरी त्याला लगेच उत्तर देऊ शकत नसे. म्हणून प्रोसेसरला एक-दोन ठोके रिकामे थांबायला सांगावे लागे. किती थांबायचे, हे संगणक जुळवणारा कारागीर मदरबोर्डवरील जंपर लावून किंवा बायोसमध्ये आकडा भरून ठरवी. थांबा कमी ठेवला तर यंत्र वेगवान होई. फार कमी ठेवला तर मध्येच बंद पडे. मेमरीला स्वतःविषयी काही सांगता येत नसे. सगळे ज्ञान कारागिराच्या डोक्यात असे.

८/
याच सुमारास भारताच्या संगणक-इतिहासात ‘एक्स-एमपी’ ही अक्षरे प्रथम आली. मात्र ती महासंगणकाच्या नावात. क्रे कंपनीचा एक्स-एमपी हा १९८२ चा महासंगणक. भारताला अधिक शक्तिशाली यंत्र हवे होते. अमेरिकेने ते नाकारले आणि केवळ हवामानाच्या कामासाठी, कडक अटींवर, एक्स-एमपी/१४ देऊ केला. या नकारातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. तिचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावचे. यवतमाळहून निघणारी शकुंतला रेल्वे ज्या मूर्तिजापूर जंक्शनात मुख्य लोहमार्गाला मिळत असे, तोच हा तालुका. १९९१ मध्ये सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला. एका मोठ्या प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर, आणि प्रत्येकाजवळ त्याची स्वतःची मेमरी, ही त्याची रचना होती.

९/
ही रचना मेमरीच्या एका जुन्या दुखण्याला भिडणारी होती. एक्स-एमपी/१४ या नावातील १ म्हणजे एक प्रोसेसर आणि ४ म्हणजे ४० लाखांच्या घरातील शब्दांची मेमरी. आजच्या हिशेबाने ३२ मेगाबाइट. आजची ८ गिगाबाइटची साधी पट्टी त्याच्या २५६ पट मोठी आहे. क्षमता अशी बेसुमार वाढली. वेग मात्र प्रोसेसरच्या मागे पडत गेला. प्रोसेसर दरवर्षी झपाट्याने पुढे जात होते, मेमरी सावकाश. १९९५ मध्ये वुल्फ आणि मॅकी या दोन संशोधकांनी या दरीला ‘मेमरीची भिंत’ असे नाव दिले. त्यांचा इशारा स्पष्ट होता : लवकरच प्रोसेसरचा बहुतेक वेळ गणित करण्याऐवजी मेमरीची वाट पाहण्यात जाईल.

१०/
या भिंतीला पहिला सुरुंग लावला तो समकालिक मेमरीने. आतापर्यंत मेमरी आपल्या सोयीने उत्तर देई. आता ती प्रोसेसरच्या बाजूच्या ठोक्यांशी ताल धरून चालू लागली. मात्र ताल धरायचा तर तो सर्वांचा एक हवा. चिप एका कंपनीची, पट्टी दुसरीची, मदरबोर्ड तिसरीचा, प्रोसेसर चौथीचा. हे सारे पहिल्याच दिवशी एकमेकांना समजले पाहिजेत. हे काम ‘जेडेक’ या उद्योगसंस्थेने केले. १९५८ पासून या नावाने चालत आलेल्या या संस्थेत प्रतिस्पर्धी कंपन्या एका टेबलाभोवती बसतात आणि दाब, ठोके, थांबे, पट्टीवरील खाचेची जागा, सगळे ठरवतात. हमीवेग ठरतो तो येथे. तो कोणा एका कंपनीचा शब्द नसतो, पंचांनी एकत्र बसून दिलेला शब्द असतो.

११/
१९९८ मध्ये इंटेलने ‘पीसी१००’ हा दंडक आणला आणि १०० मेगाहर्ट्झची मेमरी सर्वत्र पोहोचली. तिच्यासोबत एक छोटीशी पण युगप्रवर्तक चिप पट्टीवर कायमची रुळली : एसपीडी. तिच्यात जेमतेम २५६ बाइट मावत. त्यांत त्या पट्टीची जन्मपत्रिकाच लिहिलेली असे : क्षमता किती, ठोका कोणता, कोणत्या कामाला किती ठोके थांबायचे. संगणक सुरू होताच बायोस प्रथम ही पत्रिका वाचतो आणि त्याप्रमाणे वेग लावतो. कारागिराच्या डोक्यातील ज्ञान अशा रीतीने पट्टीवरच आले. जंपर गेले, अंदाज गेले. कोणीही पट्टी खोवावी आणि संगणक चालू करावा, इतके सोपे झाले. पण या पत्रिकेत जेडेकने मान्य केलेलेच वेग लिहिता येत. त्याहून चपळ असणाऱ्या पट्टीला आपले सामर्थ्य सांगायला तीत रकानाच नव्हता.

१२/
चपळ पट्ट्या येतात कुठून, हे समजायला पुन्हा कापसाकडे वळावे. एकाच शेतातील एकाच वेचणीचा कापूसही सारखा नसतो. धाग्याची लांबी, जाडी, ताकद तपासली की त्याच्या प्रती वेगळ्या होतात. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर घडलेल्या शेकडो चिपांचेही असेच आहे. कोणी काठावर उत्तीर्ण होते, कोणी सहज दीडपट वेग सोसते. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून तिची प्रतवारी होते. १९९० च्या दशकाअखेरीस हौशी लोकांना हे उमगले आणि ते हमीवेगापेक्षा अधिक वेगाने मेमरी चालवू लागले. कंपन्यांनी वरच्या प्रतीच्या चिप निवडून, त्यांवर धातूचे आवरण चढवून, चढा आकडा छापून विकायला सुरुवात केली. आकडा छापला, पण तो गाठण्यासाठी डझनभर थांबे आणि दाब बायोसमध्ये हाताने भरण्याचे काम ग्राहकाच्याच माथी राहिले.

१३/
आकड्याविषयी एक खुलासा येथेच हवा. डीडीआर मेमरी प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते. ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणून ३२०० लिहिलेल्या पट्टीचा खरा ठोका १६०० मेगाहर्ट्झ असतो आणि ३२०० हा सेकंदाला होणाऱ्या देवघेवींचा, दशलक्षांतील, आकडा असतो. एखाद्या तपासणी-प्रणालीत १६०० दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक देवघेवीत ८ बाइट जातात. म्हणजे ३२०० ला सेकंदाला २५,६०० मेगाबाइट, आणि २१३३ ला सुमारे १७,००० मेगाबाइट. खोक्यावर आणि पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांतील फरक हा असा आहे : तेवढ्याच वेळात दीडपट माहिती.

१४/
२००६ मध्ये एनव्हिडिया आणि कोर्सेअर या कंपन्यांनी एक युक्ती काढली. डीडीआर२ च्या एसपीडी पत्रिकेत काही बाइट उत्पादकाच्या खाजगी नोंदींसाठी कोरे ठेवलेले होते. त्या कोऱ्या जागेत चढ्या वेगाची संपूर्ण कृती लिहायची : ठोका, थांबे, दाब. मदरबोर्डला ती कृती वाचता आली की मालकाने एक पर्याय निवडायचा आणि सगळे आकडे आपोआप भरले जायचे. या योजनेचे नाव होते ईपीपी. जेडेकच्या दंडकाला धक्का नाही, जुन्या संगणकांना अडथळा नाही. ज्याला कोरी जागा वाचता येत नाही, तो आपला हमीवेगाने चालतो. जमाखर्चाच्या वहीच्या समासात लिहिलेल्या टिपणासारखी ही सोय होती.

१५/
पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, डीडीआर३ सोबत इंटेलने स्वतःची अशीच योजना आणली : एक्स्ट्रीम मेमरी प्रोफाइल, अर्थात एक्सएमपी. ज्या महासंगणकाच्या अटींनी पुण्यात सी-डॅक घडवली, त्याची आणि या योजनेची अक्षरे एक असणे हा निव्वळ योगायोग. पण इतिहासाच्या वाचकाला तो सुखावणारा आहे. डीडीआर३ च्या पत्रिकेतील १७६ ते २५५ क्रमांकांचे बाइट एक्सएमपीने व्यापले. २०१४ मध्ये डीडीआर४ साठी दुसरी आवृत्ती आली, २०२१ मध्ये डीडीआर५ साठी तिसरी. एएमडीच्या प्रोसेसरांसाठी असूसच्या मदरबोर्डांवर हीच सोय ‘डीओसीपी’ नावाने दिसे. सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीने ‘एक्स्पो’ ही स्वतःची योजना आणली. नावे निराळी, काम एकच.

१६/
या कृतीत नेमके काय असते? उदाहरणार्थ, हमीवेगावर २१३३ ची पट्टी १.२ व्होल्टवर चालते आणि माहिती मागितल्यापासून १५ ठोके थांबते. एक्सएमपी लावल्यावर तीच पट्टी १.३५ व्होल्टवर, ३२०० च्या वेगाने, १६ ठोके थांबते. ठोके वाढलेले दिसतात; पण ठोकाच लहान झालेला असतो. १५ ठोक्यांचा काळ सुमारे १४ नॅनोसेकंद होता, १६ ठोक्यांचा अवघा १० झाला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दुसराच आकडा बोलका आहे. १९९८ च्या पीसी१०० मेमरीचा उत्तम थांबा २० नॅनोसेकंदांचा होता आणि तिची वाहतूक सेकंदाला ८०० मेगाबाइटची. म्हणजे वाहतूक ३२ पट वाढली, प्रतीक्षा फक्त निम्मी झाली. मेमरीची भिंत रुंद रस्त्यांनी ओलांडली गेली. अंतर फारसे कमी झाले नाही.

१७/
प्रत्यक्ष कृती दोन मिनिटांची आहे. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक चार-खाचांच्या बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबून बायोस उघडायचा. तेथे एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो यांपैकी जे नाव दिसेल ते निवडायचे, ‘प्रोफाइल १’ ठेवायचे, एफ१० दाबून जतन करायचे. पहिल्या वेळी पडदा नेहमीपेक्षा अधिक वेळ काळा राहतो. बोर्ड त्या वेळी प्रत्येक तारेवरील संकेत जुळवून पाहत असतो. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरच्या मेमरी या पानावर नवा वेग दिसतो. जुळणी फसली तर बहुतेक बोर्ड काही प्रयत्नांनंतर स्वतःहून हमीवेगावर परततात. न परतल्यास बोर्डवरील सेटिंग पुसण्याची सोय असतेच.

१८/
मग हा पर्याय कारखान्यातूनच चालू का नसतो? कारण पट्टीची तपासणी पट्टीपुरतीच झालेली असते. मेमरी हाताळणारा भाग प्रोसेसरमध्ये असतो, तारा मदरबोर्डवर. चार पट्ट्या लावल्या तर भार वाढतो. स्वस्त बोर्डावर संकेत अधिक मळके होतात. यात व्यापारही मिसळलेला आहे. इंटेलच्या दहाव्या पिढीतील आय५-१०४०० हा प्रोसेसर बी४६० किंवा एच४१० चिपसेटच्या बोर्डावर बसवला तर मेमरी २६६६ च्या पुढे जातच नसे. मोकळीक होती ती महागड्या झेड मालिकेला. २०२१ मध्ये बी५६० पासून मधल्या किमतीच्या बोर्डांनाही ती मिळाली. त्यामुळे त्या काळातील बेताच्या किमतीच्या संगणकात ३२०० ची पट्टी २६६६ वर अडलेली आढळली, तर दोष ना पट्टीचा, ना वापरणाऱ्याचा.

१९/
‘जाहीर वेग’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न अखेर न्यायालयातही गेला. खोक्यावर आकडा ठळक छापता, पण तो मिळवायला बायोसमध्ये बदल करावा लागतो हे तितक्याच ठळकपणे सांगत नाही, असा अमेरिकेतील ग्राहकांचा आक्षेप होता. २०२५ मध्ये कोर्सेअरने अशा दाव्यात ५५ लाख डॉलरची तडजोड केली. दोष मात्र मान्य केला नाही. २००६ मध्ये चढ्या वेगाची कृती पत्रिकेच्या कोऱ्या जागेत लिहिणाऱ्या दोघांपैकी हीच एक कंपनी. दुसरीकडे, प्रोसेसर-उत्पादकांच्या लेखी एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करणे म्हणजे अतिवेगीकरणच. त्यातून प्रोसेसरच्या वॉरंटीला बाधा येऊ शकते, असे ते लिहून ठेवतात. एकाच्या भाषेत जो जाहीर वेग, तो दुसऱ्याच्या भाषेत मर्यादाभंग.

२०/
व्यवहारात हा धोका बहुतेकांना कधी जाणवत नाही. पण तो काल्पनिक नाही. काठावर चालणारी मेमरी नेहमी बंद पडूनच चूक कळवते असे नाही. कधी एखादा बिट गुपचूप पालटतो आणि फाइल जतन होते ती बिघडलेली. विदर्भातील उन्हाळ्यात, जिथे पारा चाळिशीच्या वर सहज जातो आणि संगणक बंद खोलीत असतो, तिथे डिसेंबरात निर्धोक चाललेली जुळणी मे महिन्यात अडखळू शकते. म्हणून नवा वेग लावल्यावर मेमरीची परीक्षा घेण्याची रीत आहे. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेली ‘मेमटेस्ट८६’ ही प्रणाली रात्रभर कप्प्यांत आकडे भरते आणि परत वाचते. एकही चूक निघाली तर वेग एक पायरी खाली आणायचा. व्हर्लविंडच्या अभियंत्यांची ‘वाव’ तपासण्याची रीत ती हीच.

२१/
आता या कथेची दुसरी बाजू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला; तोही क्रे नावाचाच, एक्ससी४०. सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ आला आणि मे २०२५ मध्ये त्यावर ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ कार्यान्वित झाली. पूर्वी अंदाजाची चौकट १२ किलोमीटरची होती, आता ६ किलोमीटरची झाली. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर. म्हणजे जिथे आधी जिल्ह्यावर सुमारे ९४ चौकटी पडत, तिथे आता सुमारे ३७७ पडतात. प्रत्येक चौकटीवर वातावरणाचे अनेक थर, प्रत्येक थरात तापमान, दाब, ओलावा, वारा. आणि चौकट लहान झाली की काळाचे टप्पेही बारीक करावे लागतात.

२२/
या गणितात प्रत्येक आकडा मेमरीतून आणायचा, त्यावर थोडीशीच क्रिया करायची आणि परत ठेवायचा, असे अब्जावधी वेळा घडते. म्हणून हवामानाची गणिते प्रोसेसरपेक्षा बहुधा मेमरीच्या वाहतुकीवरच अडतात. १९९५ ची ‘भिंत’ येथे सर्वांत उंच आहे. तरीही, अशा यंत्रांच्या सर्व्हर-मेमरीत एक्सएमपीला स्थान नसते. ती जेडेकच्या मान्य वेगानेच चालते. शिवाय प्रत्येक ६४ बिटांमागे आठ बिट अधिक ठेवून, एखादा बिट पालटला तर तो ओळखून दुरुस्त करण्याची सोय तिच्यात असते. वेग हवा असेल तर रस्ते वाढवतात. एका प्रोसेसरला मेमरीच्या अनेक वाहिन्या जोडतात. ‘परम’ची वाट तीच होती : एकाला पळवण्याऐवजी अनेकांना कामाला लावणे.

२३/
याचे कारण यवतमाळच्या कोरडवाहू कापूसकऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, पेरणी होते आणि मग पाऊस दडी मारतो. अंकुर करपतात, बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा खर्चून दुबार पेरणी करावी लागते. पेरणीचा दिवस ठरवणाऱ्या अंदाजामागील गणित उशिरा आले तर निरुपयोगी आणि चुकीचे आले तर घातक. तेथे वेगही हवा आणि खात्रीही. दोहोंत निवडायचे झाले तर खात्री आधी. घरातील संगणकाचा हिशेब निराळा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेल्या यंत्रात रॅम हीच चित्रांचीही मेमरी असते. तेथे २१३३ वरून ३२०० वर गेल्याने खेळ डोळ्यांना दिसेल इतका सुधारतो. पत्र टंकण्यात मात्र काही फरक पडत नाही.

२४/
टिफ्रॅकच्या अभियंत्यांनी कड्यांच्या प्रवाहाचा मेळ बसवला. नंतर दुकानातील कारागिराने जंपर बसवले. मग पंचांनी हमीवेग ठरवून तो पट्टीवरच लिहिला. आणि त्या लिखाणाच्या समासात उत्पादकांनी जाहीर वेगाची कृती टिपून ठेवली. प्रत्येक टप्प्यावर वावाचा हिशेब एका हातातून दुसऱ्या हातात गेला. एक्सएमपीचा पर्याय चालू करणारा तरुण या साखळीतील सध्याचा शेवटचा हात. १० किलोबाइटांच्या काळात हा निर्णय देशातील मोजक्या शास्त्रज्ञांच्या हाती होता. आज तो यवतमाळमधील कोणाही विद्यार्थ्याच्या हाती आहे. खोक्यावरील आकड्यावर त्याचा हक्क आहेच. तो आकडा आपल्या यंत्रावर, आपल्या उन्हाळ्यात टिकतो की नाही, हे रात्रभर तपासून पाहण्याची जबाबदारीही त्याच हक्कासोबत त्याच्याकडे आली आहे.

(समाप्त)